पूर्वेस माझे घर

म्हशीविरुद्ध तक्रार करायची झाल्यास अर्जात तिचं नाव घालावं, एवढी साधी गोष्ट मला वेळेवर कुणी सांगितली असती, तर माझं घर लिलावाच्या दारापर्यंत गेलं नसतं. डोंबिवलीत सल्ला देणारी माणसं उदंड आहेत, पण ती येतात सगळं घडून गेल्यावर. आधी येणारा एकही मला अजून भेटलेला नाही.

मी गोपीनाथ फणसळकर, शाळेत ड्रॉइंग मास्तर. गोष्ट चोपन्न सालची. मानपाड्याच्या रस्त्याला माझं दोन खोल्यांचं नवं घर होतं. जागा घेतली ती शेजारच्या राघोशेटकडून आणि कौलं चढवायला कर्ज काढलं तेही राघोशेटकडूनच, घर गहाण ठेवून. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये तीस पावलांचं अंगण. (पावलं मोजलेली आहेत. का मोजली ते पुढे येईल.) राघोशेटच्या आजोबांनी मिठागरात घाम गाळला, वडिलांनी भातशेती केली आणि राघोशेट आता आमच्यासारख्यांना प्लॉट विकत होते. दर महिन्याच्या एक तारखेला मी हप्ता घेऊन तीस पावलं जायचो, त्यांची बायको बायजावहिनी चहा टाकायची, राघोशेट नोटा न मोजता कोपरीच्या खिशात कोंबायचे. दोन वर्षं असं गोडीगुलाबीत चाललेलं.

मग चंद्राने माझी चित्रं खाल्ली.

चंद्रा म्हणजे राघोशेटची म्हैस. चित्रं म्हणजे एलिमेंट्री परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुलांची सराव-चित्रं. विषय होता तांब्या, दोन केळी आणि एक वांगं. रंग ओले होते म्हणून मी ती अंगणात दोरीवर चिमटे लावून वाळत घातली होती. शाळेतून परत येतो तो दोरीवर चिमटे तेवढे शिल्लक. कोपऱ्यातल्या एका कागदावर तांब्या राहिला होता. त्यावरची केळी आणि वांगं मात्र नेमकी गेली होती. एक कलाशिक्षक म्हणून मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो मी कुणाजवळ बोललो नाही. वरवर मी संतापलेलोच होतो.

संतापलो की माझी भाषा फार शुद्ध होते. त्याच तिरीमिरीत मी पंचायतीला अर्ज लिहिला. त्यातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे : ‘सबब, उक्त जनावराने उक्त दिवशी उक्त चित्रे भक्षण केली असून, उक्त जनावराच्या मालकास योग्य ती समज देण्यात यावी.’ वाक्याला नाद होता. पंचायतीलाही तो आवडला असावा, कारण तिथे अर्ज भर सभेत मोठ्याने वाचला गेला, आणि लोकांनी आग्रह केला म्हणून पुन्हा एकदा वाचला गेला. सभेत राघोशेट पुढेच बसले होते.

त्या संध्याकाळी ते अंगणाच्या मध्यावर, म्हणजे पंधराव्या पावलावर येऊन उभे राहिले.

“मास्तर, तक्रार केलीव ती केलीव. माजा काय बोलना नाय. पन माजे चंद्राला तुमी उक्त जनावर बोलताव? चार गावचे लोकांसमोर? आमचे घरान ती लेकीवानी हाय. नाव हाय तिला!”

“राघोशेट, ती कायद्याची भाषा आहे.”

“मंग आता मना बी येते कायद्याची भाषा,” असं म्हणून ते वळले.

पुढच्या एक तारखेला मी त्यांच्या घरी गेलो नाही. ज्या माणसाने आपल्याला अंगणात उभं राहून सुनावलं, त्याच्याकडे चहा प्यायला जायचं म्हणजे काय? पण हप्ता तर द्यायलाच हवा. म्हणून मी डोंबिवली पोस्टात जाऊन राघोशेटच्या नावे मनिऑर्डर केली. पोस्टमन माझ्या फाटकावरून पुढे तीस पावलं गेला. (मी खिडकीतून मोजली.) आणि तीसच पावलं परत आला. मनिऑर्डरवर शेरा होता, ‘घेण्यास नकार’. असं तीन महिने चाललं. दर खेपेला पोस्टमन म्हणायचा, “मास्तर, एक हाक मारली असती तरी काम झालं असतं.” त्याला स्वाभिमान म्हणजे काय ते कळत नव्हतं, किंवा त्याच्या बुटांना जास्त कळत होतं.

चौथ्या महिन्यात कल्याणच्या कोर्टाचा बेलीफ सायकलवरून आला आणि माझ्या हातात समन्स ठेवून गेला. हप्ते थकले, सबब सगळी रक्कम एकदम द्यावी, नाहीतर गहाण घर विकून वसूल करावी, असा राघोशेटचा दावा होता. त्यात मला ‘उक्त प्रतिवादी’ म्हटलं होतं. एकूण आठ वेळा.

माझी बायको मालन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ते ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “अहो, हे घर खरंच जाईल?” मी म्हटलं, “छे!” पण माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बारा वर्षं आम्ही ठाण्यात एका खोलीत काढली होती, नळावरची भांडणं ऐकत. या घराच्या भिंतीत खुंटी ठोकायला कुणाची परवानगी लागत नाही, याचंच तिला पहिले सहा महिने नवल वाटत होतं. घरात खुंट्या किती झाल्या होत्या ते आल्यागेल्याला दिसतच होतं.

समन्स आल्याची बातमी चहाचं आधण उतरायच्या आत पसरली. पहिले आले पंढरीतात्या. तात्या ठाण्याच्या कोर्टात बावीस वर्षं पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहून त्यांनी इतके खटले ऐकले होते की आत बसलेल्यांच्या चुका त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. ते म्हणाले, “घाबरू नका. जागेची पाहणी मागा. कोर्ट कमिशनर नेमतं, कमिशनर आजारी पडतो, सहा महिने सहज जातात. तोवर कुणी सांगावं, म्हैसच मरेल.”

“तात्या, म्हशीने दावा केलेला नाही.”

“मूळ तीच ना? मग झालं तर!”

मग कळव्याहून माझा मेहुणा आला. त्याने सल्ल्याबरोबर एक दगडही आणला होता. त्याचं म्हणणं, घराच्या कोपऱ्यात मारुती बसवा, देवळाचा लिलाव करायला कोण धजतो ते बघू. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने दगडाला शेंदूर फासून ओट्याच्या कोपऱ्यात मांडलाही. पहिल्याच शनिवारी आळीतल्या बायका तेल घालायला आल्या, आणि सगळ्यांत जास्त तेल घातलं ते बायजावहिनींनी. जाताना त्या मालनला हळूच म्हणाल्या, “मारुतीराया दोनी घराना अक्कल दे, आसा मागितला मी.” रविवारी सकाळी मी पेपर आणायला बाहेर पडलो आणि ओट्यावरून थेट अंगणात गेलो, बसल्या बसल्या. पुढचे आठ दिवस मी शाळेत उभं राहूनच शिकवलं. मारुतीला सन्मानाने विहिरीजवळच्या पिंपळाखाली हलवण्यात आलं.

अखेर मी कल्याणला सहदेवराव वकिलांकडे गेलो. वकील सज्जन होते, फक्त अशिलाचं बोलणं ऐकताना त्यांना डुलकी लागायची. मनिऑर्डरच्या परत आलेल्या पावत्या दाखवल्या तेव्हा मात्र ते पूर्ण जागे झाले. “अहो, हे उत्तम! पैसे देत होतात, त्यांनी घेतले नाहीत. कैफियतीत हेच घालू. आणि तुमचे ते तात्या म्हणतात तशी पाहणीही मागू. घराचा एक नकाशा लागेल. कुणाकडून काढून घेता?”

“कुणाकडून म्हणजे?” मी म्हटलं. माझ्या आवाजात जरा जास्तच धार आली असावी, कारण ते पुन्हा डोळे मिटायचे थांबले.

त्या नकाशावर मी चार रविवार घालवले. कार्ट्रिज पेपर, जलरंग, कडेला वेलबुट्टी. रस्ता तांबूस, विहीर निळी, दोन्ही घरांची कौलं वेगवेगळ्या छटांत. गोठा काढला तेव्हा तो फारच रिकामा दिसायला लागला, म्हणून त्यात चंद्राही काढली. रागात होतो, तरी शिंगांची वळणं मनासारखी उतरली. मालन म्हणाली, “म्हशीचे डोळे किती प्रेमळ आलेत हो.” मी म्हटलं, “तो रंगाचा गुण आहे.”

पंढरीतात्यांच्या दुर्दैवाने कमिशनर आजारी पडला नाही. पंधरा दिवसांत तो आला. तरुण वकील होता, हातात गहाणखताची नक्कल आणि माझा नकाशा. आळी जमली. राघोशेट आपल्या ओट्यावर हाताची घडी घालून उभे, मी माझ्या ओट्यावर. कमिशनरने गहाणखतातली चतुःसीमा, म्हणजे घराच्या चार बाजूंना काय आहे ती यादी, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “पश्चिमेस विहीर. उत्तरेस गोठा. दक्षिणेस रस्ता.” मग तो थांबला. नकाशा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मास्तर, तुमच्या घराच्या पूर्वेला काय आहे?”

“चिंच.”

“इथे लिहिलंय, पूर्वेस गोपीनाथ फणसळकर यांचे घर. तुमच्या घराच्या पूर्वेला तुमचंच घर कसं असेल?”

असं विचारून तो कागदाबरहुकूम चालू लागला. विहीर पश्चिमेला ठेवली, गोठा उत्तरेला, रस्ता दक्षिणेला, माझं घर पूर्वेला, आणि सरळ राघोशेटच्या घरात शिरला. राघोशेट दारातच होते, ते बाजूला व्हायचं विसरले, तेव्हा तो त्यांच्या बगलेखालून गेला. थोड्याच वेळात आतून त्याचा आवाज यायला लागला : “खोल्या चार. देवघर एक. माळा एक.”

आणि मला सगळं आठवलं. गहाणखत लिहिलं त्या दिवशी आमच्या नव्या, अजून कौलं न चढलेल्या घरात मालनचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांनी पुरुषांना बाहेर काढलेलं. म्हणून मी, राघोशेट आणि कल्याणहून आलेला नाथा बाँडरायटर असे तिघे राघोशेटच्या ओट्यावर बसलो. नाथाची कामाची रीत ठरलेली होती. तो कधी उठून बघायचा नाही. मांडीवर पाट घेऊन, टाक शाईत बुडवून, जिथे बसला असेल तिथून विचारायचा : पश्चिमेला काय? राघोशेट म्हणाले, विहीर. उत्तरेला? गोठा. दक्षिणेला? रस्ता. आणि पूर्वेला? तेव्हा मी ताठ बसलो, हात लांब केला आणि म्हटलं, “माझं घर!”

खरं सांगायचं तर त्या दोन शब्दांपुढे मला दिशांचं भान राहिलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात ते दोन शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होतो. नाथाने लिहून घेतलं, आम्ही सह्या ठोकल्या, दस्त नोंदला गेला. चतुःसीमा कोण वाचतं? दोन्ही घरं एकाच सर्व्हे नंबरात. त्यामुळे राघोशेटचं कर्ज राघोशेटच्याच घरावर चढलं होतं, आणि आता ते स्वतःचंच घर लिलावात काढायला निघाले होते.

सहदेवराव वकिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. “मास्तर, तोंडातून अवाक्षर काढू नका! ते दस्तातली चूक सुधारून मागतील, त्यात दोन-तीन वर्षं जातील, तोवर तुमच्या घराला हात लागत नाही. कोर्टात विचारलं तर एवढंच म्हणायचं, दस्तातलं घर माझं नाही. खोटं थोडंच आहे?” पंढरीतात्या तर आळीभर पेढे मागत फिरत होते.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बायजावहिनी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मी पलीकडच्या खोलीत होतो.

“वहिनी, त्यो मानूस आमचे घरान शिरून माजी भांरी मोजून गेला. ह्ये दोन दीस जेवले नाय. आमचा घर जाईल का वो?”

मालनने कपबश्या काढल्याचा आवाज आला. आमच्या घराचा पाया खणला तेव्हा विहिरीवरून पाण्याचे हंडे याच बाईने आणले होते, हे मला त्या आवाजाबरोबर आठवलं. वहिनी गेल्यावर मालन बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, गहाण आपलंच घर टाकलंय ना?”

“हो.”

“मग तेवढंच सांगा.”

“मालन, घर जाऊ शकेल.”

ती भिंतीवरच्या खुंट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पूर्वेला काय विचारलं तर चिंच सांगा, म्हणजे झालं.” आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

कोर्टात आमचा पुकारा झाला तेव्हा न्यायाधीशसाहेबांपुढे माझा नकाशा पसरलेला होता. ते बराच वेळ त्यावर वाकून बघत होते.

“मास्तर, हे गोठ्यात काय आहे?”

“म्हैस, साहेब.”

“नकाशात?”

“ती वादाच्या मुळाशी आहे, साहेब.”

साहेबांनी चष्मा पुसला. “बरं. गहाणखत मी वाचलं. तुम्ही नक्की कोणतं घर गहाण ठेवलंत?”

सहदेवराव माझ्या कोटाचं टोक ओढत होते. समोर राघोशेट बसले होते, पांढरी टोपी मांडीवर, चेहरा उतरलेला. एवढा दांडगा माणूस मला त्या दिवशी फारच लहान दिसला. मी म्हटलं, “माझं, साहेब. लिहिणारा त्यांच्या ओट्यावर बसला होता म्हणून कागदात त्यांचं आलं. घेणं माझ्या अंगावर आहे आणि गहाण माझं घर आहे.”

माझा कोट खांद्यापासून उसवला. वकिलांनी तो सोडलाच नव्हता.

राघोशेट उभे राहिले होते. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, “यांनी तीन वेळा मनिऑर्डर पाठवलेली दिसते. तुम्ही का घेतली नाहीत?”

“सायेब, तीस पावलांवर ऱ्हातो त्यो मानूस. पैसं पोस्टान घालतो! मी का परका हाय? न पयला माजे म्हशीला काय बोलला, त्यो इचारा.”

साहेबांनी विचारलं. पंचायतीच्या अर्जाची नक्कल राघोशेटच्या वकिलांनी काढून दिली. तिसऱ्या ‘उक्त’ला साहेबांनी रुमाल तोंडाला लावला आणि कारकुनाने टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला सुरुवात केली, ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. मग साहेब म्हणाले, “दोघांनी बाहेर जा, चहा प्या आणि तडजोड लिहून आणा. वकिलांना नेऊ नका.”

कोर्टासमोरच्या हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो. पहिला चहा दोघांनी बशीत ओतून फुंकण्यात घालवला. दुसऱ्या चहाला राघोशेट म्हणाले, “मास्तर, तुमी गप ऱ्हायला असताव तर माजा घर कागदावर अरकला असता.”

“अडकलं असतं खरं.”

“मंग कनाला बोल्लाव?”

“मालन म्हणाली म्हणून,” मी म्हटलं, आणि मग तेवढंच खरं नव्हतं म्हणून पुढे म्हणालो, “आणि तुमच्या घरचा चहा सहा महिन्यांत प्यायला मिळाला नाही.”

राघोशेटनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि भज्यांच्या दोन बश्या मागवल्या. भजी संपेपर्यंत तडजोड झाली. हप्ते पूर्वीसारखे, एक तारखेला, हातात. चतुःसीमेची दुरुस्ती माझ्या ओट्यावर बसून, शाळेचं होकायंत्र मध्ये ठेवून. खटल्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, माझ्या कोटाची शिलाई राघोशेट देणार. आणि सगळ्यांत वर, त्यांच्या आग्रहाने, कलम पहिलं : मास्तरांनी चंद्राची लेखी माफी मागावी आणि ती तिला नाव घेऊन वाचून दाखवावी. साहेबांनी ते कलम दोनदा वाचलं आणि सही केली. नकाशा मात्र त्यांनी परत देताना जरा रेंगाळत दिला.

तो आता राघोशेटच्या बैठकीत काचेच्या फ्रेममध्ये आहे. येणाऱ्याला ते आधी चंद्रा दाखवतात, मग घर.

माफीपत्र मी पुढच्या रविवारी लिहिलं. चांगला जाड कागद घेतला, कडेला हिरव्या गवताची नक्षी काढली, मध्यभागी टपोऱ्या अक्षरांत मजकूर. आळी गोठ्यापुढे जमली होती. पंढरीतात्यांनी पट्टेवाल्याच्या खणखणीत आवाजात “चंद्रा राघोशेट हाजिर हो!” असा पुकारा केला. मी घसा साफ करून वाचू लागलो, “प्रिय चंद्रा, तुझा उल्लेख मी पंचायतीपुढे ज्या शब्दाने केला, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तू या आळीतली आहेस आणि तुला नाव आहे...”

चंद्रा शांतपणे ऐकत होती. दुसऱ्या परिच्छेदाला तिने मान पुढे केली, नक्षीचा वास घेतला आणि माझ्या हातातून कागद ओढून घेतला. आम्ही सगळे बघत राहिलो. तिने आधी गवत खाल्लं, मग मजकूर आणि शेवटी सही.

मी राघोशेटकडे बघितलं. म्हटलं, आता पुन्हा लिहावं लागणार.

राघोशेटनी तिच्या पाठीवर थाप मारली. “नको मास्तर. तिला पोचला,” ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून ओरडले, “बायजा, मास्तर आलंय! चहा टाक!”